युद्धस्मृती आणि ऐकणारा : कौटुंबिक स्मृतिलेखनाचा एक विचार

प्रस्तावना

युद्धाविषयीचे लेखन स्थूलमानाने तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार सेनानींच्या आत्मकथनांचा व अधिकृत इतिहासांचा, दुसरा कादंबरी-कवितेचा आणि तिसरा सामान्य सैनिकांच्या आठवणींचा. पहिल्या दोन प्रकारांची समीक्षा विपुल झाली आहे. तिसऱ्या प्रकाराकडे मात्र साहित्यसमीक्षा 'साधन' म्हणून पाहते आणि इतिहासकार 'पूरक पुरावा' म्हणून. त्यामुळे सैनिकाची आठवण ही एक रचना आहे, तिला कथनाचे स्वतःचे नियम आहेत, ही गोष्ट दुर्लक्षित राहते.

या तिसऱ्या प्रकारातही एक उपप्रकार विशेष लक्षणीय आहे. आजी, आई, मुलगी, नातू किंवा जवळचा मित्र यांनी युद्धावर गेलेल्या आपल्या माणसाची आठवण लिहून ठेवणे हा तो उपप्रकार होय. येथे अनुभव एकाचा असतो आणि लेखणी दुसऱ्याची. ज्याने भोगले तो सांगतोच असे नाही, आणि जो सांगतो त्याने भोगलेले नसते. या दोघांमधील अंतर हाच अशा लेखनाचा खरा विषय आहे, आणि ऐकणाऱ्याचा वाटा ओळखल्याखेरीज अशा लेखनाचे मूल्यमापन अपुरे राहते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी भारतीय सैनिकांशी संबंधित तीन ग्रंथांचा विचार केला असून, त्यांच्या प्रकाशात महाराष्ट्रातील युद्धस्मृतींची स्थिती तपासली आहे.

मेसोपोटेमियाची पार्श्वभूमी

यांपैकी पहिले दोन ग्रंथ बंगाली असले तरी त्यांतील घटनांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेली भारतीय फौजेची सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' या नावाने ओळखली जात असे. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. मेजर जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखाली ही डिव्हिजन बगदादच्या रोखाने निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर तिला माघार घ्यावी लागली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून ती कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. सुमारे पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली व त्यांत बहुसंख्य भारतीय होते. पुढे वाळवंटातील पायपीट, रेल्वेमार्गावरील मजुरी, तापाच्या साथी आणि अर्धपोटी छावण्या यांत हजारो माणसे मेली.

वेढ्यातील एक तपशील येथे नोंदण्यासारखा आहे. धान्य संपत आल्यावर घोड्याचे मांस देण्यात येऊ लागले, तेव्हा अनेक भारतीय सैनिकांनी ते दीर्घकाळ नाकारले. धर्मगुरूंची अनुमती तारेने मागवूनही त्यांचे मन वळण्यास वेळ लागला. अधिकृत इतिहासात ही बाब शिस्तीचा व रसदपुरवठ्याचा प्रश्न म्हणून येते. परंतु परत गेल्यावर गाव काय म्हणेल, भावकीत पंगतीला बसता येईल का, ही शंकाही त्या नकारामागे असू शकते. असा सैनिक घरी परतला, तर कुतची हकीकत घरात मोकळेपणाने सांगेल काय? अनुभव सांगितला न जाण्याची कारणे कधी कधी त्या अनुभवातच असतात.

आजीने लिहिलेले चरित्र : 'कल्याण-प्रदीप'

कुतच्या वेढ्यात कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर होते. शरणागतीनंतर ते युद्धकैदी झाले आणि १९१७ साली रास-अल-ऐन येथील बंदिवासात त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांच्या आधारे त्यांच्या आजीने, मोक्षदा देवी यांनी, १९२८ साली 'कल्याण-प्रदीप' हे चरित्र प्रसिद्ध केले. त्या वेळी त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. मोक्षदा देवी लेखनाला नवख्या नव्हत्या. १८७० साली 'बंगमहिला' या नियतकालिकाच्या संपादनाशी त्यांचे नाव जोडले गेले होते. १८८५ साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांचे बंधू.

या ग्रंथाकडे केवळ शोकग्रंथ म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. वृद्ध आजीने तरुण नातवाचे चरित्र लिहावे, हा काळाचा क्रम उलटा करणारा प्रकार आहे. सामान्यतः नातू आजोबांच्या आठवणी सांगतो. येथे पुढची पिढी आधी गेली आणि मागच्या पिढीला तिची वारसदार व्हावे लागले. बसरा, अमारा, कुत ही गावे जिने पाहिलेली नाहीत अशा स्त्रीने मोहिमेचा इतिहासही आपल्या कथनात आणला आणि त्यात नातवाची पत्रे बसवली. मोहिमेचा वृत्तांत सार्वजनिक साधनांतून आला, पत्रे घरातून आली, आणि दोहोंची जुळणी आजीच्या दृष्टीने झाली.

ही जुळणी किती सजग होती याचा प्रत्यय कल्याणकुमारांच्या युद्धविषयक मतांवरून येतो. पत्रांत त्यांनी देशप्रेमाच्या कल्पनेवरच टीका केली आहे. देशप्रेमाच्या नावाखाली दुसऱ्याची भूमी बळकावणे आणि माणसे मारणे ही शिकवण इंग्रजांकडून आली, आणि तीच आपल्याकडील तरुणांनीही उचलली, असा त्यांच्या विचाराचा आशय आहे. ही टीका साम्राज्यसत्तेला जशी झोंबणारी होती तशीच १९२८ सालच्या राष्ट्रवादी वाचकालाही अडचणीची होती. नातवाला केवळ शूर व कर्तव्यदक्ष अधिकारी म्हणून उभे करायचे असते, तर हा मजकूर वगळणे सोपे होते. आजीने तो ठेवला. घरच्या माणसाची स्मृती जपणे म्हणजे त्याला निर्दोष करणे नव्हे, तर त्याचे न पटणारे बोलणेही राखणे, हे या एका संपादकीय निर्णयावरून दिसते.

अर्थात या ग्रंथाला मर्यादाही आहे. पत्रे घरी लिहिलेली होती, आणि घरी लिहिणारा मुलगा सर्व काही लिहीत नाही. शिवाय युद्धकाळातील टपाल तपासले जात असे. बंदिवासात तर लेखनावर अधिकच बंधने होती. म्हणजे चरित्राच्या शेवटच्या आणि सर्वांत दारुण भागासाठी आजीपाशी सर्वांत कमी शब्द होते. चरित्रकाराला येथे मौनापुढेच उभे राहावे लागते, आणि ते मौन तसेच राहू द्यावे की आपल्या शब्दांनी भरावे हा प्रश्न सोडवावा लागतो. पुढील दोन ग्रंथ याच प्रश्नाची वेगळी उत्तरे देतात.

बंदिवानाची वही : 'अभि ले बगदाद'

शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हे बंगाल ॲम्ब्युलन्स कोअर या लहानशा स्वयंसेवी पथकातून मेसोपोटेमियात गेले. टेसिफॉन, कुतचा वेढा आणि बंदिवास हे सर्व त्यांनी पाहिले, आणि मुख्य म्हणजे ते परत आले. बंदिवासात त्यांनी दैनंदिनी ठेवली होती. ती सापडू नये म्हणून पाने सुटी करून बुटात लपवणे आणि पुढे ती पुन्हा उतरवून काढणे असे सायास त्यांनी केले. या दैनंदिनीवर आधारलेले 'अभि ले बगदाद' हे पुस्तक १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात खाजगीरीत्या छापले गेले. शीर्षक पलटणीतल्या हिंदुस्थानीचे आहे. आता बगदाद घ्यायचे, या उमेदीचे ते शब्द आहेत. प्रत्यक्षात ही माणसे बगदादला पोहोचली ती कैदी म्हणून. पुस्तकाचा सारा उपरोध त्या शीर्षकात सामावला आहे.

हे लेखन पहिल्या ग्रंथाहून दोन बाबतींत वेगळे आहे. एक तर भोगणारा व लिहिणारा येथे एकच आहे. दुसरे, येथे अधिकारी नाही, तर खालच्या पायरीवरचा स्वयंसेवक बोलतो. रास-अल-ऐनच्या परिसरात आर्मेनियन लोकांच्या संहाराच्या ज्या खुणा व हकीकती त्यांच्यापर्यंत आल्या, त्यांची नोंद त्यांनी केली आहे. पुढे अलेप्पो येथील रुग्णालयात काम करताना तुर्की सैनिकांशी झालेल्या मैत्रीचेही ते वर्णन करतात. शत्रुपक्षातील सामान्य शिपाईदेखील घरादाराच्या आठवणी काढतो आणि आपण कशासाठी लढतो असा प्रश्न स्वतःला विचारतो, याची त्यांना झालेली जाणीव पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. संहाराची साक्ष आणि वैयक्तिक स्नेह या दोन गोष्टी ते एकमेकींसाठी बाजूला सारत नाहीत. अधिकृत इतिहासाला एकच तुर्क लागतो. येथे अनेक तुर्क आहेत.

प्रत्यक्षदर्शीचे लेखन म्हणून या पुस्तकाची प्रतिष्ठा मोठी आहे. तरीही ऐकणाऱ्याचा प्रश्न येथे संपत नाही. अनुभव १९१५ ते १९१८ या काळातला आणि पुस्तक सुमारे चाळीस वर्षांनंतरचे. दरम्यान देश स्वतंत्र झाला होता. ज्या सरकारच्या सेवेत ही माणसे गेली ते सरकार गेले होते, आणि त्याच्या युद्धात राबलेल्यांची आठवण स्वतंत्र देशाच्या इतिहासात कोठे ठेवावी हे ठरलेले नव्हते. पुस्तक खाजगीरीत्या निघाले, या गोष्टीतच वाचकवर्गाच्या या संकोचाची खूण आहे. सैनिकापाशी सांगण्यासारखे असूनही समाजापाशी ते ऐकण्याची जागा नसेल, तर साक्ष घरापुरती राहते. इंग्रजी अभ्यासविश्वात या दोन्ही ग्रंथांची दखल विस्ताराने घेतली गेली ती एकविसाव्या शतकात. अमिताव घोष यांचे लेखन आणि संतनु दास यांचा पहिल्या महायुद्धातील भारतीय संस्कृतीवरील २०१८ चा ग्रंथ यांचा त्यात मोठा वाटा आहे.

नातवाचा शोध : 'फार्देस्ट फील्ड'

रघु कर्नाड यांचे 'फार्देस्ट फील्ड' हे इंग्रजी पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते. लेखकाच्या आजोळच्या घरातील तीन तरुण त्यांपैकी होते. आजीचा भाऊ बॉबी सॅपर्समध्ये अधिकारी होता, मानेक वैमानिक होता आणि गनी, म्हणजे लेखकाचे आजोबा, सैन्यातील डॉक्टर. तिघेही युद्धकाळात मरण पावले. त्यांची छायाचित्रे घरात होती, परंतु ती कोणाची, या माणसांचे काय झाले, हे विचारण्याची बुद्धी लेखकाला फार उशिरा झाली. तोवर त्यांना ओळखणारी बहुतेक माणसे राहिली नव्हती.

माणसाला दोन मृत्यू असतात, एक देहाचा आणि दुसरा त्याची आठवण असलेल्यांच्या जाण्याने होणारा, या विचारातून पुस्तकाचा आरंभ होतो. दुसरा मृत्यू जवळजवळ झालेला असताना नातू शोधाला निघतो. सेवानोंदी, पलटणींचे इतिहास, अन्य माजी सैनिकांच्या मुलाखती, नातेवाइकांकडील तुटक माहिती यांच्या आधारे तो तिघांचे आयुष्य उभे करतो. ज्या क्षणांचा पुरावा नाही तेथे तो कल्पनेचा आधार घेतो, आणि या पद्धतीची कबुलीही देतो.

समीक्षेच्या दृष्टीने येथे एक अडचण निर्माण होते. सैनिकाच्या मनात काय आले हे कादंबरीप्रमाणे सांगणारी वाक्ये आणि कागदपत्रांवर आधारलेली वाक्ये एकाच लयीत चालतात. वाचक दोन्ही सारख्याच विश्वासाने वाचतो. कल्याणकुमारांच्या आजीने पत्र व निवेदन यांतील सीमा ठेवली होती. येथे ती पुसट होते. परंतु हा दोष केवळ लेखकाच्या माथी मारता येणार नाही. आजीपाशी पत्रे होती, नातवापाशी छायाचित्रे. विचारायचे ते वेळेवर विचारले गेले नाही, म्हणून उत्तराची जागा कल्पनेने घेतली. या पुस्तकातील कल्पनाविलास हा एका अर्थाने घरातील दीर्घ मौनाचा परिणाम आहे, आणि लेखकाने ते मौन लपवलेले नाही हे त्याचे श्रेय आहे.

हे मौन खाजगी शोकापुरते नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या भारतीय स्मृतीत आझाद हिंद सेनेला मानाचे स्थान मिळाले व ते योग्यच होते. परंतु ब्रिटिश भारतीय सैन्यातून ब्रह्मदेश, उत्तर आफ्रिका व इटली येथे लढलेल्या बहुसंख्यांना राष्ट्राच्या कथेत भूमिका मिळाली नाही. घर आणि राष्ट्र ही दोन्ही एकाच वेळी गप्प राहिली, तेव्हा दुसरा मृत्यू जवळ आला.

विचारणारा कोण?

तिन्ही ग्रंथांत ऐकणारा आप्त किंवा वाचक आहे. परंतु सैनिकाला बोलते करणाऱ्यांत परकेही असतात, आणि त्यांच्या उपस्थितीने कथन कसे बदलते हे पाहणे उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील भारतीय सैनिकांची पत्रे लष्करी परिनिरीक्षक तपासत. त्यांनी इंग्रजीत करून ठेवलेल्या उताऱ्यांमुळे ही पत्रे टिकली. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतील निवडक पत्रे प्रसिद्ध केली. अनेक सैनिक पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेत, गावी ते कोणीतरी वाचून दाखवी, आणि मध्ये परिनिरीक्षक बसलेला असे. हे ठाऊक असल्याने सैनिक सूचक शब्द वापरत. गोऱ्या व भारतीय सैनिकांसाठी लाल व काळी मिरची असे संकेत रूढ झाले होते. या पत्रांतील साधेपणा म्हणूनच नेहमी साधा नसतो.

दुसरे उदाहरण जर्मनीतील. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील छावणीत भारतीय युद्धकैद्यांचे आवाज भाषाशास्त्रीय अभ्यासासाठी ध्वनिमुद्रित करण्यात आले. ते आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्ल सिंग नावाच्या कैद्याने यंत्रापुढे आपली कहाणी सांगितली ती तृतीय पुरुषात. हिंदुस्थानात दूधलोणी खाणारा एक माणूस होता, तो युरोपच्या लढाईत आला, जर्मनीच्या हाती सापडला, आता त्याला घरी जायचे आहे आणि येथे आणखी राहिला तर तो मरेल, असा त्याचा आशय आहे. संशोधकांना उच्चार हवे होते. ऐकणाऱ्याला माणसात रस नाही हे ओळखून जणू त्या माणसाने स्वतःला लोककथेतील पात्र केले. 'मी' म्हणण्यासाठीही समोर कोणीतरी असावे लागते.

तिसरे उदाहरण घरातल्याच माणसांचे आहे, आणि म्हणून अधिक अस्वस्थ करणारे आहे. २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध केला. युद्धाचा चेहरा स्त्रीचा नसतो, असे त्याचे शीर्षक सुचवते. त्यात एक पती आहे. तोही माजी सैनिक. पत्नी मुलाखत देणार म्हणून तो तिच्याकडून आदल्या रात्री इतिहासाच्या पुस्तकाची उजळणी करून घेतो आणि बायकी बारीकसारीक गोष्टी न सांगण्याची ताकीद देतो. दुसऱ्या एका स्त्रीने आपल्या बोलण्याची टंकलिखित प्रत पाहिल्यावर त्यातील खाजगी मजकूर खोडून टाकला आणि सोबत स्वतःच्या समारंभी भाषणांची कात्रणे पाठवली. एकाच माणसापाशी दोन सत्ये असतात, एक जगलेले आणि एक वर्तमानपत्रातून आत झिरपलेले, आणि समोर कोण बसले आहे त्यावर कोणते बाहेर येईल हे ठरते, असे लेखिकेचे निरीक्षण आहे. आप्त असणे ही प्रामाणिक श्रवणाची हमी नाही, हेही यावरून स्पष्ट होते. कुटुंबाची प्रतिष्ठा हाही एक परिनिरीक्षकच असतो.

महाराष्ट्रातील स्थिती : आकडा, गौरवपत्र आणि अर्ज

आता महाराष्ट्राकडे वळता येईल. सातारा, रत्नागिरी, पुणे या भागांतील अनेक गावांत पहिल्या महायुद्धानंतर बसवलेल्या शिळा आजही दिसतात. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाचे छेचाळीस सैनिक त्या युद्धात कामी आले. गावाने ही परंपरा अभिमानाने जपली आहे. परंतु शिळेची भाषा आकड्याची आहे. गेलेले आणि मेलेले यांची वजाबाकी केली की परतलेले किती ते कळते. परतलेल्यांनी काय आणले, काय सांगितले, याचा तिच्यावर मागमूस नाही.

हा केवळ गावच्या शिळेचा संकोच नाही. फ्रान्समधील न्यूव्ह-शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. मेसोपोटेमियातील मृतांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकावर मात्र भारतीय सामान्य सैनिकांची नोंद नावांनी नव्हे, तर पलटणवार संख्येने करण्यात आली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात ही विषमता मान्य केली. कुतमध्ये मेलेल्या मराठा शिपायाला दोन्हीकडे आकडाच मिळाला, गावच्या शिळेवर आणि बसऱ्याच्या भिंतीवर.

आकड्याच्या पलीकडे गेलेला दुसरा लेखनप्रकार म्हणजे गौरवपत्र. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमींना वाहून आणणारे व शत्रूची ठाणी निकामी करणारे शिपाई नामदेव जाधव या दोन्ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव येथे घाडगे यांचा पुतळा आहे. गौरवपत्राची भाषा तंतोतंत असते आणि तिला तिचे मोल आहे. परंतु ती काही मिनिटांची भाषा असते. जाधव १९८४ पर्यंत हयात होते. त्या दिवसानंतरची जवळजवळ चाळीस वर्षे त्या भाषेत मावत नाहीत. गावातल्या माणसांनी पुढे त्याच काही मिनिटांविषयी विचारत राहावे आणि वीरानेही तेवढेच सांगत राहावे, असा धोका प्रत्येक गौरवामागे असतो.

तिसरा प्रकार महाराष्ट्राचा विशेष म्हणावा लागेल. येथे सैनिकी स्मृती अर्जाच्या रूपाने लिहिली गेली. महार सैनिकांची भरती बंद झाल्यावर १८९० च्या दशकात गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे जी निवेदने केली, त्यांत पूर्वजांच्या पलटणीतील सेवेचा दाखला प्रमुख होता. वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र. १ जानेवारी १९२७ रोजी त्यांनी कोरेगाव येथील स्तंभाला भेट दिली, त्या स्तंभावर सैनिकांची नावे आहेत, आकडा नाही. येथे आप्तांची युद्धस्मृती शोकासाठी नव्हे, हक्कासाठी वापरली गेली. १९१७ साली उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली आणि हक्काचा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. म्हणजे स्मृती लिहून ठेवण्याची परंपरा येथे नव्हती असे नाही. परंतु अर्जात सेवा सांगितली जाते, भय नाही. निष्ठा सांगितली जाते, शंका नाही. सरकार हा ऐकणारा असला की सैनिकाला निःशंकच दिसावे लागते.

शिळा, गौरवपत्र आणि अर्ज या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. ऐकणारी संस्था आहे, घर नाही. 'कल्याण-प्रदीप' किंवा 'अभि ले बगदाद' यांच्या तोडीचे, कुतहून परतलेल्या मराठा शिपायाचे घरातून उतरलेले कथन मराठी वाचकाच्या सहज परिचयाचे नाही. बंगाली मध्यमवर्गीय डॉक्टरापाशी लेखणी होती, घरी संपादिका असलेली आजी होती. शेतकरी कुटुंबातील शिपायापाशी बहुधा दोन्ही नव्हते. तेव्हा हा फरक शौर्याचा किंवा संवेदनशीलतेचा नसून साक्षरतेचा, जातीचा व सवडीचा आहे. साहित्याच्या इतिहासात ज्यांचे अनुभव दिसतात त्यांनाच अनुभव होते, असे समजण्याची चूक समीक्षेने करू नये.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, कौटुंबिक युद्धस्मृती ही सैनिक आणि ऐकणारा यांची संयुक्त रचना असते. आजीने पत्र वगळले नाही, बंदिवानाने चाळीस वर्षांनी वही उघडली, नातवाने उशिरा विचारले. या तिन्ही कृती त्या त्या ग्रंथाच्या आशयाचाच भाग आहेत. दुसरी अशी की, मौन हा पुराव्याचा अभाव नसून स्वतः एक पुरावा आहे. त्याची कारणे लाज, धर्म, परिनिरीक्षण, राजकारण किंवा घराची प्रतिष्ठा यांत शोधावी लागतात. तिसरी अशी की, आप्ताचे प्रेम हे अशा लेखनाचे बळ असते आणि तोच त्याचा धोकाही असतो. ज्या लेखनात प्रेमाने माणसाला गुळगुळीत केलेले नाही, तेच टिकते.

या निष्कर्षांना आज व्यावहारिक महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची पिढी जवळजवळ संपली आहे. १९६२ व १९६५ च्या युद्धांत लढलेले वार्धक्याच्या शेवटच्या टप्प्यावर आहेत, आणि १९७१ साली विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या वर्गांत अशा सैनिकांची नातवंडे बसतात. प्रकल्पलेखनाच्या निमित्ताने ती आजोबांना प्रश्न विचारू शकतात. मात्र कोणत्या लढाईत होतात आणि कोणते पदक मिळाले, एवढेच विचारले तर शिळेवरचीच उत्तरे मिळतील. पहिले पत्र घरी कोणी वाचून दाखवले, परतल्यावर पहिल्या रात्री काय जेवलात, सोबतच्या कोणाच्या घरी नंतर जाऊन आलात, कोणती गोष्ट आजीलाही सांगितली नाही, असे प्रश्न विचारावे लागतील. आजीला वेगळे बसवून तिचे तिलाही विचारावे लागेल, कारण युद्धाच्या काळात घर कसे चालले हे तीच जाणते. प्रश्न कोणी, कोणत्या बोलीत, कोणाच्या उपस्थितीत विचारला याची नोंद उत्तराइतकीच काळजीपूर्वक ठेवली पाहिजे. संपादनापूर्वीचे कथनही जपले पाहिजे. आणि एखाद्या वृद्धाने न सांगण्याचे ठरवले, तर तो नकारही आदराने नोंदवला पाहिजे.

मराठा पलटणींतून कुतला गेलेल्यांना हे प्रश्न कोणी विचारले नाहीत, आणि आता विचारता येणार नाहीत. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या हाती शिळा आहे. १९७१ च्या सैनिकांच्या नातवंडांच्या हाती अजून माणूस आहे.